गिरनारच्या पायथ्याचा खडक

गिरनारला दत्तदर्शनाला आपल्याकडून वर्षभर माणसं जात असतात. आम्हीही गेलो होतो. जुनागढहून भवनाथकडे जाताना रस्त्यालगतच अशोकाचा शिलालेख आहे. मी गाडी थांबवायला लावली, तर मावशी म्हणाली, "चल गं, रात्री दहा हजार पायऱ्या चढायच्यात, दगड काय बघतेस!" तरी मी उतरलेच. भलामोठा खडक, त्यावर बारीक ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच ओळी. मला वाचता येत नाहीत, पण त्यातल्या बाराव्या लेखात काय आहे ते ठाऊक होतं. म्हणूनच पाय निघेना.

राजा त्यात सांगतो की तो सगळ्या 'पासंडां'चा, त्यांच्यातल्या संन्याशांचा आणि गृहस्थांचाही मान राखतो. पासंड म्हणजे पंथ, कुठलाही. याच शब्दाचं आपल्या भाषेत 'पाखंड' झालं आणि ती शिवी झाली. मला हे फार लागतं.

पुढे तो म्हणतो, दानापेक्षा आणि पूजेपेक्षा मोठी गोष्ट 'सारवढी', म्हणजे प्रत्येक पंथातलं सत्त्व वाढणं. आणि तिचं मूळ काय, तर 'वचिगुती', जिभेवरचा ताबा. ऊठसूट आपल्या पंथाची थोरवी गायची नाही, कारण नसताना दुसऱ्याला नावं ठेवायची नाहीत. आपल्या पंथाच्या प्रेमापोटी जो दुसऱ्याची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. 'समवायो एव साधु': एकत्र या, एकमेकांचा धम्म ऐका.

आपण 'सहिष्णुता' म्हणतो तेव्हा दुसऱ्याला खपवून घेतो, एवढंच. अशोक आधी स्वतःची जीभ आवरायला सांगतो. कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली, असं त्यानेच तेराव्या लेखात कोरून ठेवलंय. त्या माणसाचं हे सांगणं मला मनापासून पटतं.

शिवाय हा नुसता उपदेश नव्हता. त्यासाठी त्याने धम्ममहामात्त नावाचे अधिकारी नेमले. बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीविक (नियती मानणारा तेव्हाचा एक संन्यासी पंथ), निर्ग्रंथ म्हणजे जैन, सगळ्यांकडे त्यांनी लक्ष द्यायचं. अर्थात त्यालाही मर्यादा होत्या. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूंना पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर काढा, असा हुकूम त्याचाच आहे. यज्ञातल्या पशुबळीवर बंदीही त्यानेच घातली. ज्यांचा यज्ञ होता त्यांना ती टोचलीच असणार.

ज्या शिखरावर आपण दत्तपादुकांना जातो, तेच जैनांसाठी नेमिनाथांचं निर्वाणस्थान. त्यावरून वाद चालू आहे, कोर्टकचेऱ्या झाल्यात. आणि खाली पायथ्याशी हा खडक!

बिहारमधल्या बराबर टेकड्यांत अशोकाने आजीविकांना लेणी दिली. तो स्वतः बौद्ध, आणि आजीविक म्हणजे बौद्धांचे कडवे विरोधक. आतली भिंत आरशासारखी घोटलेली. दारावर दानाचा लेख आहे. त्यातला 'आजीविक' हा शब्द पुढे कुणीतरी छिन्नीने ठोकून पुसायचा प्रयत्न केला. अक्षरं अजून ओळखता येतात.