मुलाखतीचा शेवटचा अर्धा तास कार्डावर सुरक्षित आहे

नमस्कार. आमच्याकडून दोन दिवसांसाठी भाड्याने नेलेल्या आठ ट्रॅकच्या (एकाच वेळी आठ आवाज वेगवेगळे नोंदवणाऱ्या) ध्वनी रेकॉर्डरबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. चौऱ्याण्णव मिनिटांच्या मुलाखतीचा शेवटचा अर्धा तास संगणकावर नाही, केबलने फाइल्स घेताना यंत्र मध्येच बंद पडले, चाचणीच्या फाइल्स पुसूनही मेमरी कार्ड भरल्याची सूचना आली आणि फोनवर आमच्या सहकाऱ्याने ‘तुमचेच काहीतरी चुकले असेल’ असे उत्तर दिले, अशा आपल्या तक्रारी आहेत. फोनवरच्या त्या उत्तराबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. हातातले काम अडलेल्या माणसाशी असे बोलणे मला मान्य नाही.

सर्वात आधी महत्त्वाचे सांगतो: तो अर्धा तास गेलेला नाही. परत आलेले कार्ड आम्ही सात दिवस फॉरमॅट करत नाही, म्हणजे पुसून नव्याने तयार करत नाही, त्यामुळे ते जसेच्या तसे होते. त्यावर मुलाखतीच्या दोन फाइल्स आहेत, एक सुमारे ६२ मिनिटांची आणि दुसरी ३२ मिनिटांची.

असे दोन तुकडे का झाले, हे आम्ही यंत्र देतानाच सांगायला हवे होते. हे यंत्र आवाज ज्या स्वरूपात साठवते त्या वेव्ह फाइलच्या सुरुवातीला तिचा आकार नोंदवण्यासाठी ३२ बिटांची जागा असते आणि तिथे ४,२९,४९,६७,२९५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही; म्हणजे फाइल साधारण ४ जीबीच्या पुढे वाढू शकत नाही. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या ध्वनिदर्जावर एका ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. आठही ट्रॅक एकाच फाइलमध्ये घेतले की बासष्ट मिनिटांत ती मर्यादा गाठली जाते, आणि यंत्र एकही सॅम्पल (आवाजाचे एकेक सूक्ष्म मोजमाप) न गाळता पुढची फाइल सुरू करते. याहून मोठ्या फाइलसाठी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आरएफ६४ हे स्वरूप आणले आहे आणि या यंत्रात त्याची सोयही आहे, परंतु काही जुनी संपादन सॉफ्टवेअर ती फाइल उघडत नाहीत म्हणून आम्ही ती बंद ठेवतो. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. तो आपल्याला न सांगणे मात्र चूकच होती.

आपला ‘यंत्र सदोष आहे’ हा निष्कर्ष मला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण मी तपासून पाहिले आहे. प्रत्येक फाइलच्या माहितीत तिचे पहिले सॅम्पल मध्यरात्रीपासून कितवे आहे, याची नोंद असते. पहिल्या फाइलच्या त्या आकड्यात तिच्या एकूण सॅम्पलांची संख्या मिळवली, तर दुसऱ्या फाइलचा आकडा तंतोतंत येतो. त्यानंतर दोन्ही फाइल्स संपादन सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवून फक्त जोडाच्या आसपासची दहा सेकंदे ऐकली. एक शब्द पहिल्या फाइलमध्ये सुरू होऊन दुसऱ्या फाइलमध्ये संपतो आणि मध्ये टिचकीएवढाही आवाज येत नाही. बाकीची मुलाखत आम्ही ऐकलेली नाही.

मग दुसरी फाइल आपल्यापर्यंत का पोहोचली नाही? आपण लिहिल्याप्रमाणे यंत्र केबलने संगणकाला जोडलेले होते आणि ते बॅटरीवर चालू होते. त्या जोडणीचा वेग कमी असल्याने सुमारे २५ जीबी घेता घेता बॅटरी संपली आणि कॉपी तिथेच तुटली. पहिली फाइल नावानिशी दिसत असल्यामुळे मुलाखत पूर्ण आली असे वाटणे स्वाभाविक होते. यापुढे कार्ड बाहेर काढून कार्ड रीडरनेच फाइल्स घ्याव्यात, आणि कॉपी झाल्यावर कार्डावरील व संगणकावरील फाइल्सची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती होईपर्यंत कार्डाला हात लावू नये.

कार्ड भरल्याच्या सूचनेचा उलगडाही कार्डावरच झाला. मॅक संगणकावरून पुसलेल्या फाइल्स कार्डावरच्याच एका लपलेल्या कचरापेटीत पडून राहतात. ती पेटी रिकामी केली नाही तर जागा मोकळी होत नाही. म्हणून कार्ड रेकॉर्डरमध्येच आणि तेही रेकॉर्डरच्या मेनूतून फॉरमॅट करणे उत्तम.

या आठवड्यापासून प्रत्येक रेकॉर्डरसोबत कार्ड रीडर आणि या चार गोष्टींचा छापील कागद पेटीत ठेवत आहोत. यंत्र नेताना फाइल घेण्याची कृती एकदा ग्राहकाच्या हातून करवून घेण्याचे कामही मी स्वतःकडे घेतले आहे. आपले दोन दिवसांचे सर्व रेकॉर्डिंग आम्ही एका नव्या डिस्कवर उतरवून, प्रत्येक फाइलचा चेकसम (प्रत मुळाबरहुकूम आहे का हे दाखवणारा आकडा) जुळवून ठेवले आहे. ती डिस्क विनामूल्य आपल्याकडे पोहोचवू. कुठे आणि केव्हा, एवढे कळवावे. आपण फाइल्स उघडून होकार देईपर्यंत मूळ कार्डही फॉरमॅट होणार नाही.