हो म्हणा, मग म्यूट करा

अभिनंदन! हिंजवडीत बसून (म्हणजे वाकडच्या टू बीएचकेतल्या डायनिंग टेबलावर बसून) म्युनिक आणि ओसाकाची टीम सांभाळायची संधी तुम्हाला मिळाली आहे. घाबरू नका. ‘कल्चरल डिफरन्स’ हे दोन शब्द तेवढे पाठ करा. चूक कुणाचीही असो, टांगायला ही खुंटी कायम मोकळी असते.

आधी घड्याळ. आपलं बारा महिने एकच. जर्मनीचं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढं जातं. म्युनिकची दुपारी दोनची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे साडेसहाला, उन्हाळ्यात साडेपाचला. ओसाकात हिवाळ्यात तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात, पण ते बिचारे काही बोलत नाहीत. तुम्हीही विचारू नका. गप्प आहेत म्हणजे खूश आहेत, असं धरून चाला. जपानी माणूस ‘विचार करून सांगतो’ म्हणाला, की तो बहुतेक वेळा नकारच असतो. मुलीकडच्यांना ‘पत्रिका बघून कळवतो’ सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे खरं तर चटकन कळायला हवं. कळलं तरी मिनिट्समध्ये ‘ॲग्रीड’ लिहून टाका.

जर्मनांचं उलट. ना नमस्कार, ना चमत्कार, थेट ‘हे चुकलंय’. तो कोडबद्दल बोलतो, तुम्ही खानदानावर घ्या. रात्री जेवताना बायकोला सांगा, ‘माणुसकी म्हणून नाही यांच्यात.’ तोच ‘वाईट नाही’ म्हणतो तेव्हा त्यानं पाठ थोपटलेली असते. तिकडे लक्ष देऊ नका, मनस्ताप कमी होईल.

ट्रेनिंगमध्ये गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाचा तक्ता दाखवतील. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीतून त्यांनी पट्टी काढली: वरचा आणि खालचा यांच्यातलं अंतर लोक किती मुकाट मान्य करतात. भारत ७७, जर्मनी ३५. गंभीरपणे मान डोलवा. मग कॉल संपला, की दोन वर्षं अनुभव असलेल्या त्या मुलीला शनिवारी कामाला बसवा. ‘एवढ्यात होणार नाही’ हे तिनं सोमवारीच सांगितलं होतं. पण हेच वाक्य म्युनिकहून आलं तर स्पष्टवक्तेपणा, आपल्याच पोरीनं म्हटलं तर ॲटिट्यूड. ७७ आकडा वरून येतो तसा खाली पोचवायलाही कुणीतरी लागतंच की!

आता मुख्य विद्या. ‘शुक्रवारपर्यंत होईल?’ असं विचारलं की ‘येस येस, शुअर’ म्हणायचं आणि लगेच म्यूट. मग काय बोलायचं ते बोला.

फक्त बटण दोनदा दाबू नका. मी दाबलं. मागे कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी मनापासून म्हणालो, “शुक्रवारी कुठलं होतंय, डोंबल!” कॉलवर शांतता. मग म्युनिकच्या कॅमेरा बंद असलेल्या एका चौकोनातून, मूळच्या साताऱ्याच्या पोरानं अदबीनं विचारलं,

“सर, डोंबलला जर्मनमध्ये काय सांगू यांना?”