त्या आठ महिन्यांबद्दल

ताई, मोठ्या आतड्याचा कॅन्सर मेंदूत गेल्यावर काय होतं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'आईनं तुमचे "सरासरी आठ महिने" वाचले आणि दोन दिवस तिला अन्न गेलं नाही. बाबांच्या लहान मेंदूत एकच गाठ आहे. एवढेच दिवस उरले असतील तर ऑपरेशन तरी कशाला? तो आकडा काढून टाका.'

राग रास्त आहे. मुळात 'सरासरी' हा शब्दच चुकला. तो मध्यांक आहे. निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यानंतरही असतात. २०१९ साली पचनसंस्थेच्या कॅन्सरचे (यात अन्ननलिका, जठरही आलं) असे रुग्ण गटांत विभागून पाहिले, तेव्हा एका टोकाच्या गटाचा मध्यांक ३ महिने निघाला आणि दुसऱ्या टोकाचा १७. गट ठरतो तो वय, मेंदूतल्या गाठींची संख्या, इतरत्र झालेला प्रसार आणि माणूस स्वतःचं किती करू शकतो यावरून. हे न सांगता नुसते आठ छापले, ती चूक माझी. मजकूर दुरुस्त केलाय.

आकडा मात्र काढणार नाही. परदेशातल्या मुलाचं तिकीट कधी काढायचं, हे एखाद्या घराला याच आकड्यावरून ठरवावं लागतं.

आता ऑपरेशन. लहान मेंदू कवटीच्या मागच्या बाजूला, अगदी चिंचोळ्या जागेत असतो. तिथली गाठ आणि भोवतीची सूज वाढली की मेंदूतल्या पाण्याची वाट अडते. मग उलट्या, तोल जाणं, पुढे गुंगी. हे व्हायला महिने लागत नाहीत, म्हणून तिथली मोठी गाठ काढण्याची सर्जन घाई करतात. एकट्या गाठीवरचा १९९० सालचा अभ्यास सांगतो: ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) मिळून जगण्याचा मध्यांक ४० आठवडे, नुसत्या शेकानं १५. पण त्यात ४८च रुग्ण होते, बहुतेक फुफ्फुसाच्या कॅन्सरचे. बाबांना तो जसाच्या तसा लावू नका, मीही लावणार नाही.

गाठ काढून थांबलं तर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणांत ती त्याच जागी परत येते. म्हणून त्या पोकळीपुरता नेमका शेक देतात. एकच गाठ असताना अख्ख्या मेंदूला शेक सुचवला, तर कारण जरूर विचारा. त्यानं स्मरणशक्ती जास्त घसरते आणि आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही.

सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेलच. त्यानं साखर चढते, झोप उडते. शक्यतो सकाळी आणि दुपारी, खाऊन झाल्यावर द्या. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद मात्र करू नका, ते हळूहळूच उतरवतात.

आणि आतड्याच्या गाठीची एमएसआय (पेशींतली डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का) आणि हर-टू (या नावाचं प्रथिन पेशींवर जास्त आहे का) तपासणी झाली आहे का? रिपोर्टात नसेल तर सोमवारीच विचारा. काही मोजक्या जणांना त्यावरून वेगळी औषधं मिळतात.