‘ज्याला व्हायचा त्याला फ्लू होणारच’? नाही!

फ्लूची महामारी आली की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. त्याचा आशय असा: फ्लू हवेतून येतो, त्यामुळे हात धुणं आणि मास्क दोन्ही फुकट, ज्याला व्हायचा त्याला होणारच, धडधाकट माणसानं घाबरू नये, गरम पाणी पीत राहा, खिशात सॅनिटायझर ठेवा, ताप आला तरच घरी बसा. यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

‘ज्याला व्हायचा त्याला होणारच’

सगळ्यात घातक वाक्य हेच. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या लोकांत, 12 ते 18 जणांना लागण देतो असं मानलं जातं. 2009च्या एच1एन1 (स्वाइन फ्लू) महामारीत हा आकडा सरासरी दीडच्या आसपास होता. म्हणजे फ्लूची साखळी तशी कच्ची. एकाकडून दुसऱ्याकडे जायला तिला साधारण तीन दिवस लागतात, म्हणजे महिन्यात दहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत दीडपट धरली, तर दहाव्या फेरीत एका रुग्णामागे सुमारे 58 नवे रुग्ण होतात. दीडचा 1.2 झाला तर तिथेच फक्त 6. त्यासाठी पाचातला एक संसर्ग टळला तरी भागतं. तीनातला एक टळला, तर साथ वाढायचीच थांबते. मास्क शंभर टक्के अडवत नाही, हात धुणंही नाही, हे कबूल. पण इथे शंभर टक्क्यांची गरजच नाही.

2020-21 मध्ये हे जगानं पाहिलं. कोविडसाठी मास्क, अंतर, बंद शाळा आणि थांबलेला प्रवास एकत्र आले आणि फ्लूचे रुग्ण अनेक देशांत जवळपास दिसेनासे झाले. बी/यामागाता ही फ्लूची एक शाखा तर मार्च 2020 नंतर खात्रीनं कुठेच सापडलेली नाही.

‘एकदाचा होऊन गेला की सुटलो’ असं म्हणणाऱ्यांनी लशीचं वेळापत्रक लक्षात घ्यावं. 2009चा विषाणू एप्रिलमध्ये ओळखला गेला आणि लस लोकांपर्यंत यायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला. मधले पाच-सहा महिने लागण टाळायला हाताशी मुख्यतः मास्क, हात धुणं अशा सवयीच असतात.

‘हवेतून येतो, मग हात कशाला धुवायचे?’

हवेतून येतो हे खरं, आणि जवळच्या अंतरात तोच मोठा मार्ग आहे. पण एकमेव नाही. स्टील-प्लॅस्टिकवर हा विषाणू 24 ते 48 तास टिकू शकतो, कापड-कागदावर त्याहून कमी आणि हातावर जेमतेम पाच मिनिटं. पाच मिनिटं कमी वाटतात, पण 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत वैद्यकीय विद्यार्थी तासाला सरासरी 23 वेळा चेहऱ्याला हात लावताना आढळले, आणि त्यातले जवळपास निम्मे स्पर्श डोळे, नाक, तोंडाला होते.

म्हणून दर तासाला हात धुण्यापेक्षा नेमक्या वेळी धुवा: बाहेरून आल्यावर, खाण्याआधी, नाक शिंकरल्यावर, मास्क काढल्यावर. साबण लावून किमान 20 सेकंद चोळा. फ्लूच्या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं आणि साबण ते फोडतो. तळहात सगळेच चोळतात. राहतात ते अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या बेचक्या. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवा, बोटांची टोकं तळहातावर घासा. शेवटी घरातल्या सगळ्यांचा एकच ओला टॉवेल वापरला तर केलेलं बरंचसं वाया जातं.

‘सॅनिटायझर खिशात आहे ना, मग पुरे’

अल्कोहोल 60 टक्क्यांच्या वर हवं. सुमारे 3 मिली, म्हणजे तळहाताच्या खळग्यात साचेल एवढं घ्या आणि हात पूर्ण कोरडे होईपर्यंत, 20 ते 30 सेकंद, चोळा. दोन थेंब घेऊन लगेच पुसलं तर उपयोग नाही. हाताला ओला शेंबूड लागला असेल, तर अल्कोहोल त्यातून आत पोचायला वेळ लागतो. तिथे साबण-पाणीच.

‘मास्क नुसता देखावा’

नाकाखाली घातला तर देखावाच. सर्जिकल मास्कची तार नाकाच्या हाडावर दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, खालची कड हनुवटीखाली ओढा. श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली तर वरून फट आहे. एन-95चं कापड कण अडवतं ते बऱ्याच अंशी त्यातल्या विद्युतभारामुळे. तो धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर फवारला की हा भार जातो. मास्क दिसतो तसाच, पण गाळण्याची ताकद घटलेली असते. कोणताही मास्क ओला झाला की बदला, आणि काढताना दोरीला धरा, पुढच्या भागाला नको.

‘गरम पाण्यानं घशातला विषाणू मरतो’

फ्लूचा विषाणू उष्णतेनं झटपट मारायला साधारण 70-75 अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. एवढ्या गरम पाण्यानं घसा भाजेल. शिवाय तोवर विषाणू पेशींच्या आत शिरलेला असतो. कोमट पाण्यानं घशाला आराम पडतो, तेवढ्यासाठी जरूर प्या.

‘धडधाकट माणसाला भीती नाही’

1918च्या फ्लूच्या महामारीत 20 ते 40 वयाचे तरणेताठे लोक मोठ्या संख्येनं गेले. 2009 मध्येही जास्त धोका असलेल्यांत गर्भवती होत्या.

‘ताप आला तरच घरी बसा’

इथे फार नुकसान होतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 1 ते 4 दिवस लागतात, आणि माणूस लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून ती पसरवू लागतो. काहींना ताप येतच नाही. त्यामुळे घसा खवखवला, अंग मोडून आलं की त्याच दिवशी घरी थांबा, ताप मोजत बसू नका.

घरात कोणी आजारी पडलं तर पहिला दीड दिवस फार मोलाचा. हाँगकाँगमधल्या कुटुंबांवर झालेल्या एका अभ्यासात रुग्णाच्या लक्षणांपासून 36 तासांच्या आत मास्क आणि हात धुणं दोन्ही सुरू केलेल्या घरांत लागण कमी दिसली. उशीर झालेल्या घरांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णाला आणि त्याच्याजवळ जाणाऱ्याला मास्क द्या. खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडा. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो. खिडकीत बाहेर तोंड करून ठेवलेला पंखा ती बाहेर काढतो. कड्या, नळ, रिमोट रोज पुसा. कड्या-नळांसाठी 5 टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक लिटर पाण्यात 20 मिली घाला, रोज ताजं करा आणि त्यात ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. रिमोटला मात्र अल्कोहोलनं भिजवलेलं फडकं.

ताप उतरल्यावर, पॅरासिटामॉल न घेता सलग 24 तास गेले की मगच बाहेर पडा. तेव्हाही खोकला असेल तर मास्क लावूनच, कारण मोठी माणसं लक्षणं दिसल्यापासून 5 ते 7 दिवस विषाणू सोडत असतात आणि लहान मुलं त्याहून जास्त.