‘दे’ म्हणजे ‘त’, की झाली तुर्की?

तुर्की मालिका बघणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय: मराठी माणसाला तुर्की जवळपास आयतीच येते. ‘त’च्या जागी ‘दे’ लावा, ‘ला’च्या जागी ‘ए’, ‘चा’च्या जागी ‘इन’. अपवाद एकही नाही म्हणे.

क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाला मागून लागतो, एवढं साम्य खरं. पुढे गाडी घसरते.

‘त’ म्हणजे ‘दे’? इझ्मिरमध्ये ‘इझ्मिरदे’, ठीक. पण अंकारात ‘अंकारादा’, बित्लिसमध्ये ‘बित्लिसते’ आणि सिनोपमध्ये ‘सिनोपता’. नावातला शेवटचा स्वर आणि शेवटचा वर्ण बघून प्रत्यय रूप बदलतो. आपण ‘नाशकात’ म्हणताना नाशिकला वाकवतो, ‘त’ जागचा हलत नाही. तिकडे शहर ताठ उभं, वाकतो तो प्रत्यय.

‘ला’ म्हणजे ‘ए’? ‘एव’ म्हणजे घर. घरी जायचं तर ‘एवे’. पण कर्माला ‘इ’ लागतो, तोही घर ठरलेलं असेल तरच. ‘एव इस्तियोरुम’ म्हणजे एखादं घर हवंय. ‘एवि इस्तियोरुम’ म्हणजे ते अमुक घर हवंय.

आता ‘चा’. खरी मजा इथे आहे. आयशेचं घर म्हणजे ‘आयशेनिन एवि’. प्रत्यय आयशेलाही आणि घरालाही. जणू ‘आयशेचं तिचंघर’. आपला ‘चा’ वस्तूचं लिंग बघतो: आयशेचा भाऊ, आयशेची वही. तुर्कीत व्याकरणातलं लिंगच नाही. वस्तूला लागलेला प्रत्यय मालक कोण ते सांगतो: ‘एविम’ माझं घर, ‘एविन’ तुझं, ‘एवि’ त्याचं किंवा तिचं. मग ‘एविन’ म्हणजे ‘तुझं घर’ की ‘घराचं’? दोन्ही. आणि ‘एविनदे’? एविन अधिक दे, म्हणजे तुझ्या घरात. किंवा एवि, मध्ये एक ‘न’, मग दे, म्हणजे त्याच्या घरात. उच्चारात तसूभर फरक नाही. संदर्भाने कळलं तर ठीक, नाहीतर आधी ‘सेनिन’ (तुझ्या) किंवा ‘ओनुन’ (त्याच्या) म्हणायचं. हे कोष्टक पाठ करून सुटत नाही.

राहिला ‘अपवाद नाही’चा दावा. पाणी म्हणजे ‘सु’. नियमाने ‘त्याचं पाणी’ हे ‘सुसु’ व्हायला हवं होतं. होतं ‘सुयु’. मराठी कानांवर उपकारच म्हणायचे.