प्राइड नाइट बंद झाल्याच नाहीत

‘अमेरिकेच्या आइस हॉकी लीगने प्राइड नाइट बंद केल्या. खेळाडूंना जबरदस्तीने इंद्रधनुषी जर्सी घालायला लावत होते, ते थांबलं. खेळातून राजकारण हद्दपार!’ असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. (प्राइड नाइट म्हणजे समलैंगिक आणि इतर एलजीबीटीक्यू लोकांना पाठिंबा म्हणून संघाने ठेवलेली खास सामन्याची रात्र; इंद्रधनुष्य ही त्याचीच खूण.) वाचायला झकास आहे, पण टिकत नाही.

‘बंद केल्या’? जून 2023 मध्ये एनएचएलने, म्हणजे याच आइस हॉकी लीगने, ठरवलं ते एवढंच, की सामन्याआधीच्या वॉर्म-अपला खास जर्सी नकोत. प्राइड नाइट चालूच राहिल्या, जर्सी बनवून लिलावात विकायलाही आडकाठी नव्हती. आणि गेली ती फक्त इंद्रधनुषी जर्सी नव्हे. सैनिकांच्या सन्मानाची आणि कॅन्सरविरोधी मोहिमेचीही गेली. ही गोष्ट मात्र त्या मजकुरात कधीच नसते. आयपीएलमध्ये बंगळुरूची हिरवी किंवा गुजरातची लव्हेंडर जर्सी असते ना, तसलाच हा प्रकार. तोही फक्त वॉर्म-अपपुरता.

आता ‘जबरदस्ती’. जानेवारी 2023 मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या इव्हान प्रोव्होरोव्हने रशियन ऑर्थोडॉक्स श्रद्धेचं कारण देऊन ती जर्सी नाकारली. वॉर्म-अपला उतरलाच नाही. मग संघाने त्याला बाहेर बसवलं? छे! त्याच रात्री तो 22 मिनिटांहून जास्त खेळला आणि प्रशिक्षक जॉन टॉर्टोरेला उघडपणे त्याच्या बाजूने उभे राहिले. पुढे सॅन होजेचा गोलरक्षक जेम्स रायमर आणि फ्लोरिडाचे एरिक व मार्क स्टाल यांनीही नकार दिला. लीगने कुणालाही दंड केला नाही. त्यांचा नकाराचा हक्क मलाही मान्य आहे. पण तो आधीपासून शाबूत होता. बंदीने त्यात काय भर घातली?

उलट ज्यांना पाठिंबा द्यायचा होता, त्यांचेच हात बांधले गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये लीगने संघांना कळवलं की स्टिकला इंद्रधनुषी टेप गुंडाळायची नाही, सरावातसुद्धा नाही. ही टेप लावायची सक्ती कुणावरही नव्हती. ज्याला वाटेल तो लावायचा.

राहिलं राजकारण. मार्च 2023 मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्सने जर्सी टाळल्या त्या रशियातल्या समलैंगिकताविरोधी कायद्याकडे बोट दाखवून. संघातल्या रशियन खेळाडूंच्या सुरक्षेची काळजी होती. काळजी खोटी म्हणत नाही मी. पण मॉस्कोतल्या कायद्यामुळे शिकागोतला संघ काय घालणार हे ठरत असेल, तर राजकारण नेमकं कुठल्या दाराने हद्दपार झालं?

आणि ‘खेळाडूंनाच नको होतं’ म्हणणाऱ्यांसाठी: 21 ऑक्टोबर 2023 ला ॲरिझोना कायोटीजचा ट्रॅव्हिस डरमॉट बंदी झुगारून ती टेप लावून खेळला. त्याला शिक्षा झाली नाही. 24 ऑक्टोबरला, खेळाडूंच्या संघटनेशी बोलून, लीगने टेपवरची बंदी मागे घेतली. जर्सींचा निर्णय मात्र तेव्हा बदलला नाही.