‘खराब रॅम गळ्यात मारली’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुम्ही आमच्याकडून लॅपटॉपची 8 जीबी डीडीआर4 (म्हणजे चौथ्या पिढीची) रॅम नेली, खानापूरला घरी व्हिडिओ बघून स्वतः बसवली, तर पॉवरचा लाइट लागतो आणि स्क्रीन काळीच. रॅम परत आणलीत, आम्ही पैसे दिले नाहीत. जो स्वतः बसवतो त्याला आम्ही मुद्दाम फिरवतो, कारण आमचे फिटिंगचे 300 रुपये बुडतात, असा तुमचा आरोप.

त्या दिवशी रॅम तुमच्यासमोरच काउंटरवरच्या टेस्टिंग लॅपटॉपमध्ये घातली होती. विंडोज चालू झालं, 8 जीबी पुरी दिसली. आता नुसता लॅपटॉप चालू झाला म्हणजे रॅम शंभर टक्के चांगली, असं मीही म्हणत नाही. एखादा कोपरा खराब असला तर तो मेमटेस्ट या रॅम तपासायच्या प्रोग्राममध्येच सापडतो आणि त्याला काही तास लागतात. म्हणून तर म्हटलं, रात्रभर ठेवून जावा. तुम्हाला बस गाठायची होती. ‘तुमच्या मशीनवर चालून मला काय उपयोग ओ’ म्हणालात. बरोबर आहे, पण तुमचं मशीन खानापुरात होतं.

मात्र रिव्ह्यूसोबत तुम्ही जो फोटो टाकलाय, त्याबद्दल आभार. तो जरा मोठा करून बघा. खालच्या स्लॉटात कंपनीची जुनी रॅम आहे, तिच्या सोनेरी पिना जवळजवळ दिसतच नाहीत. वरच्या स्लॉटात आमची. तिच्या डाव्या बाजूला पिनांची सोनेरी रेघ स्पष्ट दिसते आणि त्याच बाजूची चंदेरी क्लिप रॅमच्या खाचेत न बसता बाहेर राहिलीय. म्हणजे रॅम एका बाजूने अर्धवट आत आहे. अशी बसली की जुनी रॅम धडधाकट असूनही लॅपटॉप डिस्प्ले देत नाही. आमच्याकडे ‘रॅम गेली’ म्हणून जे येतात त्यांच्यात हाच प्रकार जास्त.

होतं असं, की व्हिडिओत रॅम वरून दाबताना दिसते आणि आपणही वरूनच दाबतो. आधी ती तिरकी, साधारण 30 अंशात धरून, दोन्ही कडांना धरून स्लॉटात सरळ आत ढकलायची. सोनेरी भाग आत गेल्यावरच खाली दाबायची. दोन्ही क्लिपा आपोआप ‘टक्’ करून लागतात. लागल्या नाहीत तर जोर करू नका, काढून परत घाला. त्याआधी लॅपटॉप नीट बंद करा. स्लीप नको, शिफ्ट दाबून शटडाउन करा. चार्जर काढा, मागचं झाकण उघडलं की बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. एकदा लोखंडी कपाटाला वगैरे हात लावून घ्या, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. एवढं करायला आमची गरज नाही, आणि हे आम्ही विचारेल त्याला फुकट सांगतो.

मग 300 कशाचे? झाकणाचे. ज्या जुन्या लॅपटॉपला रॅमसाठी वेगळी खिडकी असते, त्यांचे दोन स्क्रू काढले की काम झालं, त्याचे आम्ही पैसे घेत नाही. हल्लीच्या पातळ मॉडेलांना सगळं झाकण काढावं लागतं. काही स्क्रू रबरी पायांखाली लपवलेले, कडेने प्लास्टिकच्या लॉक. एक लॉक तुटली तर आम्ही भरून देतो. ती जोखीम त्या पैशात आहे.

‘मॉडेल नंबर विचारून डोकं खातात’ हेही लिहिलंय. विचारणारच की. डीडीआर3 ला 204 पिना, डीडीआर4 ला 260, डीडीआर5 ला 262, आणि पिनांमधल्या खाचेची जागा प्रत्येकाची वेगळी. चुकीची नेली तर बसतच नाही. त्याहून फसवं म्हणजे डीडीआर3 आणि डीडीआर3एल. पिना त्याच, खाच तीच, पण एक 1.5 व्होल्टची आणि दुसरी 1.35 ची, म्हणजे बसली तरी चालेलच असं नाही. आणि कित्येक लॅपटॉपांत तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, स्लॉटच नाही. अशा गिऱ्हाइकाला आम्ही रॅम विकत नाही, परत पाठवतो. उलट टास्क मॅनेजरमध्ये डिस्क जर 100 टक्क्यांवर अडकलेली दिसली आणि आत जुनी हार्ड डिस्क असली, तर रॅमवर खर्च करू नका, आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घाला, असं सांगतो. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा असेल.

तुमच्या मित्राचीही तक्रार तुम्ही यातच जोडलीय: 16 जीबी घेतली, 15.7 च वापरायला मिळते, आणि पॅकेटवर स्पीड 3200 असून 2666 दाखवतं, म्हणजे डुप्लिकेट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की डिस्प्लेसाठी थोडी रॅम लॅपटॉप राखून ठेवतो, तेवढी कमी दिसते. स्पीडचं म्हणाल तर दोन वेगवेगळ्या स्पीडच्या रॅम शेजारी बसल्या की दोन्ही कमी स्पीडने चालतात. त्यांची जुनी रॅम 2666 ची आहे. नवी एकटीच घातली तरी प्रोसेसरला 3200 झेपत नसेल तर तीच गत.

पैशांबद्दल: फोडलेल्या पॅकेटची रॅम चालत असेल तर पैसे परत देत नाही, हे बिलावर छापलंय आणि ते बदलणार नाही. चालत नसेल तर कंपनीची वॉरंटी आहे, ती आम्हीच करून देतो, तुम्हाला कुठं पळावं लागत नाही.

आता असं करा. वर सांगितल्याप्रमाणे घरीच एकदा परत बसवून बघा. चालू झाला तर रिव्ह्यू ठेवायचा की काढायचा, तुमची मर्जी. नाही झाला तर लॅपटॉप, चार्जर आणि दोन्ही रॅम घेऊन खडेबाजारला या, शक्यतो सकाळी, संध्याकाळी काउंटरवर फार गर्दी असते. तुमच्यासमोर उघडतो, फिटिंगचे पैसे घेणार नाही. तुमचा स्लॉटच खराब निघाला तर तेही तिथंच दाखवतो, मग मात्र तो बोर्डाचा खर्च, आणि किती ते आधी सांगूनच हात लावू.

— दुकानमालक, खडेबाजार, बेळगाव